लिव्हाइज ग्रेमलिन: सीट उसवायच्या की जपायच्या?

रेसीनकर

नमस्कार मंडळी. मी मूळचा सांगलीचा, सध्या विस्कॉन्सिनमध्ये रेसीनला असतो. आमच्या गल्लीतल्या एका आजींनी त्यांच्या यजमानांची गाडी विकायला काढली आहे. १९७३ ची एएमसी (अमेरिकन मोटर्स) कंपनीची ग्रेमलिन, रंग निळा, पुढच्या दोन्ही मडगार्डवर 'लिव्हाइज' या जीन्सवाल्या कंपनीचं स्टिकर. दार उघडलं आणि बघतच राहिलो. आतल्या सगळ्या सीट जीन्सच्या कापडाच्या! नारिंगी दोऱ्याची शिलाई, तांब्याची बटणं, पुढच्या सीटच्या पाठीला लिव्हाइजच्या पँटवर असतो तो लाल टॅबसुद्धा. आजी म्हणाल्या, "ती तशीच आली होती कंपनीतून."

किंमत परवडणारी आहे आणि गाडी घ्यायचीच असं मनात धरलंय. अडचण सीटची आहे. ड्रायव्हर सीटची दाराकडची कड फाटून फोम बाहेर आलाय, बसायच्या जागेवर रंग उडालाय. इथल्या एका सीटवाल्याला फोटो दाखवले, तर तो म्हणाला की सगळं काढून टाकू, बाजारातून खरं डेनिम आणून नवीन शिवू. नाहीतर काळं लेदर टाका, विकताना जास्त पैसे येतील.

माझे प्रश्न असे. हे कापड खरंच जीन्सचं आहे का? गाडी मुळातली लिव्हाइज एडिशन आहे की कुणी मागाहून हौसेनं केलंय, हे कसं ओळखायचं? आणि सीटचं काय करू? कुणी अशा गाडीवर काम केलं असेल तर जरूर सांगा.

पाटील_क्लीव्हलंड

सीटचं नंतर बघा हो, आधी गाडीखाली झोपा. तुम्ही विस्कॉन्सिनमध्ये आहात, तिथे हिवाळाभर रस्त्यावर मीठ टाकतात. ग्रेमलिनला वेगळी चासी नाही, बॉडीचा पत्रा हाच तिचा सांगाडा. तो सडला तर गाडी संपली. पायाखालचे गालिचे उचलून स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीनं पत्रा ठोकत जा. आवाज बद्द आला तर समजा आतून खाल्लाय. दाराखालची पट्टी, मागच्या शॉकअपच्या वरची जागा आणि स्टेपनीचा खड्डा हे नक्की बघा.

इंजिनाची चिंता करू नका. बहुधा २३२ घनइंचाचं सहा सिलिंडरवालं असेल, म्हणजे ३.८ लिटर. एवढ्याशा गाडीत एवढं मोठं इंजिन बघून आपल्याकडच्या माणसाला धक्का बसतो, पण ते चिवट आहे आणि पार्टही मिळतात. पत्रा चांगला असेल तरच पैसे मोजा.

नाना पेठ कुशनवाला

रेसीनकर, आधी एक विनंती. त्या सीटवाल्याला गाडीला हात लावू देऊ नका, निदान हे वाचून होईपर्यंत तरी.

पुण्यात नाना पेठेत माझं गाड्यांच्या कुशनचं दुकान आहे. जुन्या गाड्यांची माहितीपत्रकं आणि सीटच्या कापडाचे नमुने जमवायचा नाद मला तरुणपणापासून आहे, आणि त्यात एएमसीचा कप्पा मला सगळ्यात जवळचा. ग्रेमलिन प्रत्यक्षात कधी बघितलेली नाही. पण तिच्या सीटचं कापड काय होतं आणि तसं का होतं, हे मला ठाऊक आहे.

ते डेनिम नाही. सुती दोऱ्यासारखा कातलेला नायलॉन आहे, डेनिमसारखा विणलेला आणि रंगवलेला. अमेरिकेत सप्टेंबर १९७२ पासून गाडीच्या आतल्या कापडाला आगीचा नियम लागला. ज्योत मिनिटाला ४ इंचांपेक्षा जास्त वेगानं पसरता कामा नये, असा तो नियम. साधं सुती डेनिम त्यात बसत नव्हतं. शिवाय डेनिमचा ताणा, म्हणजे उभे धागे, निळीत रंगवलेला असतो आणि ती निळी घासून सुटते. उन्हाळ्यात घामेजलेला माणूस पांढरी पँट घालून बसला तर उठताना काय होईल, विचार करा. म्हणजे तुमचा सीटवाला जे 'खरं' कापड घालू म्हणतोय, ते या गाडीत कंपनीनंच मुद्दाम घातलं नव्हतं. खऱ्या डेनिमनं शिवलेली लिव्हाइज ग्रेमलिन ही लिव्हाइज ग्रेमलिन राहतच नाही.

खात्री करून घ्यायची असेल तर सीट वर उचलून खालच्या बाजूला शिलाईच्या आत सोडलेली माया, म्हणजे जादा कापड, शोधा. तिथला एकच धागा चिमट्यानं ओढून काढा, गाडीपासून लांब न्या आणि लायटर दाखवा. सूत असेल तर कागद जळल्याचा वास येईल आणि मऊ राख उरेल. नायलॉन असेल तर धागा आकसेल, वितळेल आणि टोकाला कडक मणी बनेल. बोटांनी चुरला तरी तो मणी फुटत नाही. जाळण्याआधी उजेडात धरूनही बघा. कातलेल्या धाग्यावर सुतासारखी बारीक लव दिसते, नेहमीचा नायलॉन चकचकीत आणि गुळगुळीत असतो. कापड बनवणाऱ्याची करामत या लवेत आहे. तिच्यामुळेच पन्नास वर्षांनंतरही तुम्हाला ते जीन्स वाटलं.

आता एएमसीनं हे का केलं, ते सांगतो, कारण त्यातच या गाडीचं मोल आहे. १९५४ मध्ये नॅश आणि हडसन एकत्र येऊन ही कंपनी झाली. जनरल मोटर्स, फोर्ड आणि क्रायस्लर या तिघांपुढे ती कायम धाकटी. नवीन गाडीचे साचे बनवायला जो पैसा लागतो तो तिच्याकडे नसायचा. ग्रेमलिनसुद्धा हॉर्नेट या मोठ्या गाडीचा मागचा भाग आखूड करून केलेली. डिझाइनप्रमुख डिक टीग यांनी तिचं पहिलं चित्र विमानात, उलटीसाठी ठेवतात त्या कागदी पिशवीवर काढलं होतं. गाडी बाजारात आली १ एप्रिल १९७० ला. पत्रा बदलायचा म्हणजे कोट्यवधींचा खर्च. सीटचं कापड बदलायला लागतं नवीन कापड आणि एक चांगला कुशन कारागीर. म्हणून त्यांनी कपड्यांच्या दुनियेतली नावं गाडीत आणली. १९७२ ला हॉर्नेट स्पोर्टअबाउट या स्टेशन वॅगनमध्ये गुची आले. बदामी सीटवर हिरवे-लाल पट्टे, बाहेर मडगार्डवर गुचीचं चिन्ह. दोन वर्षांत मिळून पाच हजारांच्या आतच झाल्या त्या. त्याच वर्षी जॅव्हलिनमध्ये पिएर कार्दां आले. काळ्या कापडावर लाल, जांभळ्या, पांढऱ्या आणि रुपेरी पट्ट्यांच्या लाटा, सीटवरून दारावर आणि दारावरून छतापर्यंत गेलेल्या. ग्राहकाला वरचे फक्त ८४.९५ डॉलर पडायचे. पुढे १९७४ ला मॅटाडोर कूपेत ओलेग कॅसिनी आले, काळं कापड आणि तांब्याच्या रंगाचा साज घेऊन. फोर्डच्या महागड्या लिंकन गाड्यांनी कार्तिए, जिव्हाँशी वगैरे नावं लावली ती १९७६ मध्ये. एएमसी त्याच्या चार वर्षं आधीच तिथे पोचली होती.

या सगळ्यांत माझ्या मते सर्वांत अस्सल लिव्हाइजच. गुची आणि कार्दांनी गाडीत श्रीमंती आणली, पण ग्रेमलिन ही मुळात कॉलेजच्या पोरांची, पहिल्या पगाराची गाडी. तिला कामकऱ्याच्या पँटचं कापड शोभतं. ते बटण, तो दोरा, तो टॅब, दारावरचा काढता-घालता येणारा नकाशाचा खिसा, हे सगळं एकाच माणसानं एकाच मनानं केल्यासारखं दिसतं.

आणि म्हणूनच सांगतो, या एडिशनमध्ये इंजिन वेगळं नाही, पत्रा वेगळा नाही. ग्रेमलिन सहा लाखांहून जास्त बनल्या. तुमची वेगळी आहे ती फक्त कापडामुळे आणि त्या दोन स्टिकरमुळे. सीट काळ्या लेदरच्या केल्या की ती त्या सहा लाखांतली एक निळी गाडी झाली. अशा गाड्या गंजानं जेवढ्या संपल्या नसतील तेवढ्या आमच्यासारख्या दुकानांत संपल्या आहेत, आणि हे मी दुकानदार असून सांगतोय.

मूळची आहे का, हे बघायला ड्रायव्हरच्या दाराच्या कडेला पत्र्याची पट्टी असेल. तिच्यावर रंगाचा आणि आतल्या साजाचा क्रमांक कोरलेला असतो. एएमसीवाल्यांचे क्लब अमेरिकेत अजून चालू आहेत, त्यांच्याकडे त्या वर्षीची डीलरची पुस्तकं असतात. क्रमांक जुळला की शंका मिटली. किनोशा तर तुमच्या शेजारीच. याच गावात या गाड्या बनायच्या, आणि तिथली जुनी माणसं ही पट्टी वाचून सगळं सांगतील.

दुरुस्तीबद्दल. पाटील म्हणतात ते अगदी खरं, पत्रा आधी. पण वेल्डिंगला देण्यापूर्वी सीट आणि दाराची आतली पॅनेल काढून घरात आणून ठेवा. वेल्डिंगची ठिणगी या कापडावर पडली तर थेट भोक.

फाटलेली कड अशी करायची. कव्हर उसवायचं, फाडायचं नाही. प्रत्येक टाका ब्लेडच्या टोकानं कापायचा आणि प्रत्येक तुकड्यावर उलट्या बाजूनं खडूनं खूण करायची: डावा, उजवा, वर, खाली. फोम नवीन घाला, त्यात कमीपणा नाही. खचलेल्या फोमवर कापड ताणलं जातं आणि पुन्हा त्याच जागी फाटतं. जोडाला कापड हवं असेल तर बाहेर शोधू नका, गाडीतच आहे. ग्रेमलिनच्या मागच्या सीटवर फारसं कुणी बसत नाही. तिच्या बैठकीचा मागचा, पाठीखाली दडलेला भाग बघा, तिथलं कापड जवळजवळ कोरं असेल आणि रंगही उडालेला नसेल. तिथे साधं निळं कापड लावा, कुणाला दिसणार नाही, आणि तो मूळ तुकडा पुढे आणा. आतून पातळ सुती अस्तर चिकटवून मगच शिवा, नाहीतर जुना नायलॉन टाक्याच्या रेषेत फाटत जातो. शिवताना जुन्या भोकांतूनच सुई न्यायची. मशीननं नवी भोकं पाडली की कापड कागदाच्या तिकिटासारखं सुटतं. वेळ लागतो, हातानं करावं लागतं. ज्याला हे जमणार नाही असं वाटतं त्यानं सरळ नाही म्हणावं.

उडालेला रंग तसाच राहू द्या. तो त्या आजींच्या यजमानांचा आहे.

रेसीनकर

काका, काय लिहू! आजच संध्याकाळी जाऊन आलो. मागच्या सीटखालचा एक धागा काढला आणि आजींच्या अंगणात लायटर दाखवला. कडक काळा मणी झाला. आजींना समजावून सांगितलं तर त्या म्हणाल्या की यजमानांना हे पहिल्यापासून माहीत होतं आणि ते सगळ्यांना सांगायचे.

पाटीलसाहेब, पत्रा ठोकून बघितला. ड्रायव्हरच्या पायाखाली तळहाताएवढी जागा गेली आहे, बाकी आवाज खणखणीत. दाराची पट्टीही सापडली, फोटो किनोशाच्या क्लबला पाठवलाय.

एक प्रश्न. लिव्हाइजची जीपही होती असं कुणीतरी सांगितलं. तिचं कापड मिळालं तर चालेल का?

गोदाकाठची

काका, मध्येच विचारते. माझ्या बाबांची २००३ ची झेन कार्बन आहे, नाशिकमध्ये. मारुतीनं तेव्हा तीन दारांच्या झेन मोजक्याच काढल्या होत्या, काळी कार्बन आणि चंदेरी स्टील. लोक विचारतात, "हिची मागची दारं कुठे गेली?" एकदा पार्किंगमध्ये कुणीतरी दार ठोकलं तेव्हा कळलं की हिचं दार नेहमीच्या झेनपेक्षा लांब, दुसरं बसतच नाही. मग एका म्हाताऱ्या डेंटिंगवाल्यानं तेच दार हातोडीनं आतून काढून सरळ केलं. असं मन लावून काम करणारा माणूस मिळणं हे भाग्यच. आता सीटवर रेक्झिनची कव्हरं आहेत, गाडी घेतल्यापासून. खाली मूळचं कापड आहे. ती कव्हरं राहू देऊ का? कापड वाचेल ना त्यानं?

नाना पेठ कुशनवाला

रेसीनकर, जीपचं कापड घेऊ नका. ती सीजे जीप उघडी, पावसात भिजणारी, म्हणून तिला जीन्ससारखा दिसणारा रेक्झिनच लावला होता. रंग जवळचा वाटला तरी लव नाही, आणि बोट फिरवलं की फरक कळतो. क्लबमध्येच कुणाकडे मोडीत निघालेल्या लिव्हाइज ग्रेमलिनची मागची सीट आहे का विचारा. फाटकी असली तरी घेऊन ठेवा.

ताई, कव्हरं या रविवारीच काढा. नाशिकच्या पावसाळ्यात रेक्झिनखाली दमट हवा कोंडते, वास येत नसला तरी कापडावर बुरशी धरते. आधी मऊ ब्रशनं कोरडं झाडा, मग सावलीत दारं उघडी ठेवून वाळवा. ऊन दाखवू नका. काळे ठिपके दिसले तर पाणी लावण्याआधी मला फोटो टाका. नंतर घालायचीच असतील तर सैल सुती कव्हरं शिवून घ्या, महिन्याला धुता येतील. आणि बाबांना सांगा, तो डेंटिंगवाला सोडू नका.

रेसीनकर, तुम्हीही फोटो पाठवाल तेव्हा शिलाईशेजारी पट्टी ठेवून काढा, इंचाला किती टाके आहेत ते मोजता आले पाहिजे. आणि दोऱ्याचा फोटो उन्हात न काढता सावलीत, खिडकीच्या उजेडात काढा. नारिंगी रंगाची छटा फोटोत बदलली तर इथे बसून मला दोरा जुळवून देता येणार नाही.