शब्दचर्चा : ‘पाळत’ की ‘सर्वेक्षण’? आणि ‘लागण वाढली’ म्हणजे नेमके काय वाढले?

तापीकाठ : धुळे, जळगाव, नंदुरबारच्या एचआयव्ही आकडेवारीवर मराठीत टिपण लिहायचे आहे. ‘सर्व्हेलन्स’साठी ‘पाळत’ घ्यावा का? आणि ‘प्रिव्हॅलन्स’, ‘इन्सिडन्स’ दोन्हींना ‘प्रमाण’ लिहिले तर भागेल?

गिरणामाई : ‘पाळत’ नको, भाऊ. पाळत संशयितावर ठेवतात. इथे माणसाची ओळख मुद्दाम पुसलेली असते. फॉर्मवर केंद्राचा संकेतांक आणि नमुना क्रमांक असतो, नाव नसते. सरकारी रूढी ‘सर्वेक्षण’ची आहे, पण घरोघरच्या पाहणीलाही तोच शब्द. म्हणून आधी ‘प्रहरी सर्वेक्षण’ लिहा आणि लगेच सांगून टाका : ठरावीक केंद्रे, ठरावीक गट, ठरावीक महिने, फेरीमागून फेरी. बोलताना सगळे ‘सेंटिनल’च म्हणतात, तेही चालेल.

सातपुडा : नमुने ‘सलग’ घ्यायचे असतात; तो शब्दही समजावून द्या, सगळी मेख तिथे आहे. गरोदर मातांच्या केंद्रावर तीन महिन्यांत रक्ताचे ४०० नमुने घेतात. वय १५ ते ४९, त्या फेरीतली पहिलीच भेट, आणि ओळीने येणारी प्रत्येक पात्र बाई. ‘हिचं तर आधीच माहीत आहे’ म्हणून बाधित बाई वगळली की आकडा खोटाच खाली येतो. दुसऱ्या भेटीला आलेलीचे रक्त पुन्हा घेतले की तीच दोनदा मोजली जाते.

दुसरे, ४०० पैकी २ बाधित म्हणजे ०.५० टक्के. पुढच्या फेरीत ३ निघाल्या की ०.७५, आणि मथळा येतो ‘दीडपट वाढ’. वाढली ती एक बाई! ४०० पैकी २ एवढ्यावरून खरे प्रमाण साधारण ०.१ ते १.८ टक्क्यांत कुठेही असू शकते. एका केंद्राच्या एका फेरीवरून ‘कल’ हा शब्द वापरू नये. निदान तीन फेऱ्या शेजारी मांडा.

गिरणामाई : ‘प्रमाणा’चे राहिले. आज जेवढे बाधित आहेत, ते ‘बाधितांचे प्रमाण’ (प्रिव्हॅलन्स). वर्षभरात नव्याने झाले, तो ‘नव्या लागणीचा दर’ (इन्सिडन्स). मोफत एआरटी (एचआयव्हीवरचा औषधोपचार) एप्रिल २००४ पासून सुरू झाली, माणसे जगू लागली; त्यामुळे नवी लागण घटली तरी बाधितांचे प्रमाण टिकून राहू शकते. आयसीटीसीत (एचआयव्ही समुपदेशन व तपासणी केंद्रात) तपासलेल्यांपैकी किती बाधित निघाले हा तिसराच आकडा, आणि कोणाला तपासायला पाठवले त्यावर तो हलतो. क्षयरुग्ण जास्त तपासले तर चढेल, कॉलेजात शिबिर घेतले तर उतरेल. नुसते ‘लागण वाढली’ लिहाल तर यांतले काहीच कळणार नाही. (रावेर-यावलकडे तर केळीची लागवड वाढली असेही वाटायचे.)

नवापूरवाला : ‘स्थलांतर’ जपून वापरा. गरोदर मातांच्या फॉर्मवरचा प्रश्न असा : पती कामासाठी सहा महिन्यांहून जास्त काळ पत्नीपासून दूर, एकटा राहतो का? आमच्याकडून गुजरातेत ऊसतोडीला कोयता जातो, म्हणजे नवराबायको जोडीने. उत्तर ‘नाही’ येते, आणि वर्षातले कित्येक महिने बाहेर असलेले घर ‘स्थलांतरित नाही’ या रकान्यात बसते. त्या रकान्याला ‘पती एकटा बाहेर’ असेच नाव द्या.

शिवाय सुरतेत तपासून तिथेच औषध घेणारा नंदुरबारचा माणूस आपल्या केंद्राच्या यादीत दिसत नाही. रावेरच्या केंद्रावर उलटे, तिथे बुऱ्हाणपूरकडचेही येऊ शकतात.

तापीकाठ : मग ‘जिल्ह्यातील रुग्ण’ऐवजी ‘जिल्ह्यात तपासलेले रुग्ण’?

गिरणामाई : ‘जिल्ह्यातील केंद्रांवर आढळलेले बाधित’. रोज गोळी घेऊन शेत कसणाऱ्याला रुग्ण कशाला म्हणायचे?