मदत हवी आहे : रचनावादाचा जनक नेमका कोण? उद्या सकाळी दहापर्यंत

खाडाखोड (रात्री ८:१०)
सरळ प्रश्न आहे. रचनावादाचा जनक वुंड्ट, टिचनर की पियाजे? माझ्यासमोर तिन्ही नावं आहेत आणि मला एक हवंय. गूगल करून झालं, तिथेही तिन्ही आहेत, म्हणून तर इथे आले. लांबण नको. उद्या दहाला द्यायचंय.

पावणेनऊची_कर्जत (८:१४)
कुठली परीक्षा ते सांगा आधी. टीईटी असेल तर डोळे मिटून पियाजे.

भांडुपचे_मास्तर (८:३१)
पियाजेच. पण नुसतं नाव पाठ करून काही होणार नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो. रचनावाद म्हणजे मूल स्वतःचं ज्ञान स्वतः रचतं. आपण ओतायचं आणि त्याने भरून घ्यायचं, असं नसतं. माझ्या पहिलीच्या वर्गात चिंचोके, बाटल्यांची झाकणं आणि आईस्क्रीमच्या काड्या असतात. दहाचा गठ्ठा कसा बांधायचा हे मी सांगत नाही, पोरं आपसांत भांडून ठरवतात. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यापासून आपल्याकडे याचा बोलबाला झाला. पियाजेइतकाच वायगॉट्स्कीही महत्त्वाचा. बिचारा ३७ व्या वर्षी गेला. हवे असतील तर वर्गातले फोटो टाकतो.

खाडाखोड (८:४०)
मास्तर, फोटो नकोत. लहान मुलांचा काही संबंध नाही. परीक्षाही नाही. मानसशास्त्राचा इतिहास हा विषय आहे.

पावणेनऊची_कर्जत (८:४२)
म्हणजे बी.ए.ला आहात. कितवं सेमिस्टर? पेपर कितवा? पाच मार्कांना आहे की पंधरा?

विंगेतला_माणूस (८:५५)
मूळ नाव संरचनावाद असं आहे आणि जनक भाषाशास्त्रज्ञ सोस्यूर. जिनिव्हातली त्याची व्याख्यानं त्याच्या मृत्यूनंतर १९१६ मध्ये विद्यार्थ्यांच्या वह्यांवरून छापली गेली. पुढे लेव्ही-स्ट्रॉसने तीच दृष्टी मानववंशशास्त्रात नेली. यात पियाजे कुठून आला?

कलिना_कट्टा (९:०३)
एकाच शब्दावर तीन वेगवेगळी दुकानं चालू आहेत इथे. मास्तर सांगताहेत तो ज्ञानरचनावाद, विंगेतले सांगताहेत तो भाषेतला संरचनावाद. धागाकर्तीला बहुधा मनाच्या रचनेचा, म्हणजे कार्यवादाच्या (मन कशासाठी आहे हे विचारणाऱ्या पंथाच्या) विरुद्ध उभा असलेला रचनावाद हवाय. खाडाखोड, हो ना? बरोबर असेल तर उत्तर टिचनर. वुंड्ट नाही. पियाजे तर नाहीच.

भांडुपचे_मास्तर (९:०९)
आमच्या प्रशिक्षणात सगळे नुसतं रचनावादच म्हणतात. वीस वर्षं मीही तेच म्हणतोय.

गच्चीवरचा (९:११)
मला यातलं फार कळत नाही. पण वर्तनवादी स्किनरने सगळे प्रयोग कबुतरांवर केले ना? आमच्या सोसायटीतली कबुतरं एसीच्या मागे अंडी घालतात. वर्तनवादात त्यावर काही उपाय आहे का?

कलिना_कट्टा (९:१६)
सगळे नाही, उंदरांवरही केले. उपाय माहीत नाही, पण १९४८ चा त्याचा एक प्रयोग तुम्हाला आवडेल. भुकेल्या कबुतरांना ठराविक वेळाने आपोआप दाणे मिळायचे, मग ती काहीही करोत. दाणे पडले त्या वेळी जे कबुतर गिरकी घेत होतं ते पुढे गिरक्याच घेत राहिलं, दुसरं मान झटकत राहिलं. आपल्या वागण्यामुळेच दाणे येतात, असं वाटल्यासारखी. स्किनरने त्याला अंधश्रद्धा म्हटलं. तेव्हा दाणे टाकणारे शेजारी आधी आवरा.

जर्मनकाका (९:२०)
काही म्हणा, पण ‘वुंड्ट’ लिहू नका. जर्मनमध्ये शब्दाच्या शेवटचा ड हा ट होतो आणि इथे तो पुढच्या ट मध्ये मिसळून जातो. काळ्या घोड्याजवळ चार वर्षं जर्मन शिकलो तेव्हा बाईंनी हाच शब्द पन्नास वेळा म्हणून घेतला होता. वुंट. विल्हेल्मसुद्धा खरं तर ‘व्हिल्हेल्म’च्या जवळ जातो, पण ते सोडून देऊ.

सुमाक्का (९:२५)
वुंट असो की घंट, मन काय जर्मनीत सापडलं का? चित्ताच्या वृत्ती पतंजलींनी कधीच सांगून ठेवल्यात. आपल्याकडचं सोडून १८७९ पासून इतिहास सुरू करणं म्हणजे गुलामगिरी आहे.

कलिना_कट्टा (९:३८)
सुमाक्का, एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १९०८ मध्ये हेच म्हटलं होतं: मानसशास्त्राचा भूतकाळ मोठा आहे, इतिहास छोटा. मनाबद्दल विचार सगळीकडे झाला, आपल्याकडे फार बारकाईने झाला. १८७९ हे साल मनाच्या शोधाचं नाही. लाइप्झिगला वुंटने प्रयोगशाळा काढली, मोजमाप सुरू केलं, जगभरची पोरं तिथे येऊन शिकून गेली, म्हणून ते धरतात. आपल्याकडचं सांगायचं तर कलकत्ता विद्यापीठात १९१६ मध्ये मानसशास्त्राचा स्वतंत्र विभाग निघाला आणि गिरींद्रशेखर बोस यांनी १९२२ मध्ये त्याच शहरात मनोविश्लेषणाची संस्था काढली. त्यांचा फ्रॉइडशी पत्रव्यवहार होता आणि फ्रॉइडचं सगळंच त्यांनी मान्य केलं नाही.

आता वुंट की टिचनर. टिचनर हा इंग्रज. ऑक्सफर्डला शिकला, १८९२ मध्ये लाइप्झिगला वुंटकडे डॉक्टरेट केली आणि लगेच अमेरिकेत कॉर्नेलला गेला. वुंटच्या ग्रंथाचं इंग्रजी भाषांतरही केलं. मनाचे मूळ घटक शोधायचे, एवढाच त्याचा ध्यास. प्रयोगातल्या माणसाने ‘सफरचंद दिसतंय’ म्हटलेलं त्याला चालायचं नाही. लाल आहे, अमुक इतकं गडद आहे, गोलसर आहे, असं सांगायचं. वस्तूचं नाव घेतलंत की चुकलात, त्या चुकीला उद्दीपक-दोष म्हणतात. आपल्याला वडापाव समोर ठेवून ‘वडापाव’ न म्हणता ‘पिवळं, गरम, तिखट’ म्हणायला लावलं तर काय होईल ते बघा. असं करत त्याने ४४ हजारांहून जास्त मूळ संवेदना मोजल्या.

वुंटला घटक हवे होतेच, पण त्यांना एकत्र बांधणाऱ्या इच्छाशक्तीवर त्याचा भर होता. आपल्या विचाराला त्याने नावही तसंच दिलं, संकल्पवाद म्हणू या. शिवाय भाषा, दंतकथा, चालीरीती असल्या गोष्टी प्रयोगशाळेत पकडता येत नाहीत असं मानून त्याने लोकमानसावर दहा खंड लिहिले. ते टिचनरच्या चौकटीत कुठे बसतात?

पावणेनऊची_कर्जत (९:४४)
माझ्या बहिणीच्या नोट्समध्ये स्पष्ट लिहिलंय: ‘रचनावाद: जनक वुंट’. बाईंनी सांगितलेलं आहे. बहुपर्यायी प्रश्नात वुंटलाच मार्क मिळाले होते.

कलिना_कट्टा (९:५२)
मिळाले असतील. ही चूक जुनी आहे. मानसशास्त्राचा सगळ्यात गाजलेला इतिहास १९२९ मध्ये बोरिंगने लिहिला आणि बोरिंग हा टिचनरचाच विद्यार्थी. चेल्याने लिहिलेल्या बखरीत गुरूचा गुरू गुरूसारखाच दिसणार. पुढच्या पाठ्यपुस्तकांनी तेच उतरवून घेतलं. ‘रचना’ आणि ‘कार्य’ अशी जोडी समोरासमोर उभी राहिली ती टिचनरच्या १८९८ च्या लेखामुळे. म्हणजे विरोधकांचं बारसंही जवळजवळ त्यानेच केलं. तिकडे शिकागोत ड्यूई, एंजल ही मंडळी मन कशाचं बनलंय यापेक्षा मन कशासाठी आहे हे विचारत होती. त्यांच्या आधी विल्यम जेम्स. त्याला तर अनुभवाचे तुकडे पाडणंच पटत नव्हतं, तो म्हणायचा विचार वाहतो.

सुमाक्का (९:५८)
हेच तर! प्रवाह!

विंगेतला_माणूस (१०:०१)
अवांतर: सोस्यूरही १८७६ पासून लाइप्झिगलाच शिकत होता. म्हणजे काही काळ वुंट आणि तो एकाच गावात.

पापडपोहा (१०:०५)
टिचनर म्हणजे तोच ना, जो ऑक्सफर्डचा झगा घालून वर्गावर यायचा? त्याच्याकडची पहिली डॉक्टरेट बाईची, मार्गारेट वॉशबर्नची, १८९४ ची. आणि १९०४ मध्ये त्याने प्रयोगवाल्यांचं मंडळ काढलं त्यात बायकांना बंदी. वर गप्पा मारताना सिगार ओढता यावेत म्हणून, असं कारण! ‘जनक’ कोण हा प्रश्नच मला पटत नाही. जननी कोणी विचारत नाही.

गच्चीवरचा (१०:०८)
दाणे टाकणारे शेजारी सोसायटीचे चेअरमन आहेत.

खाडाखोड (१०:२०)
माझं डोकं फिरलंय. सगळं सांगते, आधीच सांगायला हवं होतं. मी मुद्रितशोधक आहे. गिरगावातल्या एका छोट्या प्रकाशकाचं विद्यार्थ्यांसाठीचं पुस्तक वाचतेय. उद्या दहाला फर्मे प्रेसला जाणार. लेखक मुलीकडे परदेशी गेलेत, फोन उचलत नाहीत. पुस्तकात असं आहे:

पान १४: ‘रचनावादाचा जनक विल्हेल्म वुंड्ट याने १८७९ मध्ये लाइप्झिग येथे पहिली प्रयोगशाळा स्थापन केली.’
पान ३१: ‘टिचनर हा रचनावादाचा प्रवर्तक होय.’
पान ५२, तक्ता: ‘रचनावाद – पियाजे – आत्मपरीक्षण पद्धती.’

आणि ओळ वाढली तर पान हलतं, पान हललं तर पुढची सोळा पानं हलतात. म्हणून म्हटलं एक नाव द्या.

पावणेनऊची_कर्जत (१०:२३)
हे पहिल्या ओळीत लिहिलं असतं तर दोन तास वाचले असते.

जुना_खिळा (१०:३०)
तीस वर्षं छापखान्यात काढली. मुद्रितशोधकाने ऱ्हस्व-दीर्घ बघावं, लेखकाच्या मजकुरात हात घालू नये. समासात प्रश्नचिन्ह करा आणि सोडून द्या. उद्या लेखक भांडायला आला तर प्रकाशक तुमचंच नाव पुढे करेल.

पापडपोहा (१०:३३)
मग पोरांनी चुकीचं वाचायचं का? तक्त्यातली ओळ तर सरळ हास्यास्पद आहे. पियाजे मुलांना प्रश्न विचारायचा, त्यांचं निरीक्षण करायचा. आत्मपरीक्षण काय!

जुना_खिळा (१०:३६)
हास्यास्पद असली तरी ती लेखकाची आहे.

कलिना_कट्टा (१०:४१)
प्रकाशकाला फोन करून होकार घ्या, मग दोघांचंही समाधान. बदल तीनच आहेत आणि लहान आहेत.

पान १४: ‘रचनावादाचा’ काढून ‘प्रायोगिक मानसशास्त्राचा’ करा. बाकी वाक्य खरं आहे. पान ३१ ला हात लावू नका, ते बरोबर आहे. पान ५२ वर पियाजेच्या जागी टिचनर. आणि ‘आत्मपरीक्षण’ नको, ‘अंतर्निरीक्षण’. आत्मपरीक्षण आपण निवडणूक हरल्यावर करतो. टिचनरची माणसं आपण वाईट वागलो का हे तपासत नव्हती, आत्ता, या क्षणी काय जाणवतंय एवढंच नोंदवत होती, तेही महिनोन्‌महिने सराव करून. तरी वेगवेगळ्या प्रयोगशाळांतल्या नोंदी जुळेनात. वर्तनवादी वॉटसनने १९१३ मध्ये नेमकं तिथेच बोट ठेवलं आणि मनाच्या आत बघणंच बंद करा म्हणाला. १९२७ मध्ये टिचनर गेला, त्याच्याबरोबर रचनावादही गेला.

पुढे कुठे पियाजे आणि मूल असं आलं, तर तिथे ‘ज्ञानरचनावाद’ असं पूर्ण लिहा, म्हणजे मास्तरांचंही समाधान.

भांडुपचे_मास्तर (१०:४६)
माझं आधीच समाधान आहे. उद्यापासून वर्गात पूर्ण नाव घेईन. पण प्रशिक्षणातल्या साहेबांना कोण सांगणार?

खाडाखोड (११:२५)
प्रकाशकांना झोपेतून उठवलं. आधी ओरडले, मग म्हणाले कर. पान १४ वर चार अक्षरं वाढली आणि ओळ फुटली. ‘याने’ काढता येईना, वाक्य लंगडं होत होतं. शेवटी सगळीकडे ‘वुंड्ट’चं ‘वुंट’ केलं, अक्षरांतलं अंतर किंचित कमी केलं, तेव्हा बसलं. जर्मनकाका, तुमच्या बाईंना माझा नमस्कार.

जुना_खिळा (११:२८)
सगळीकडे म्हणजे? लेखकाची प्रत ठेवलीत ना वेगळी?

खाडाखोड (११:२९)
ठेवलीय. पेन्सिलने, आजची तारीख घालून.

जर्मनकाका (११:३४)
ऐकून बरं वाटलं. सूचीतही केलंत ना? ‘वुंड्ट’ आणि ‘वुंट’ असे दोघे वेगळे छापले जायला नकोत.

खाडाखोड (११:३५)
सूची. अरे देवा. थांबा.