पुरवठादाराचा हरित फॉर्म आणि बॉयलरातलं लाकूड

मिरजोळेकर: परवा इथे आमचा माल घेणाऱ्या कंपनीच्या 'पर्चेसवाला' यांनी लिहिलं: "कोकणातल्या पुरवठादारांना पर्यावरणाची प्रश्नावली पाठवली की दोन महिने गप्प. यांना निसर्ग हवा तो पर्यटकांना दाखवायला." डोकं फिरलं, म्हणून जरा लांबलचक लिहितोय.

माझं रत्नागिरीत आमरसाचं कॅनिंग आहे. एप्रिल ते जूनचा पहिला आठवडा, बस्स, एवढीच आमची कमाई. यांची प्रश्नावली येते १० मेला. ४२ पानं, इंग्रजीत. कोयी न्यायला ट्रॅक्टर आला नाही म्हणून मी सकाळपासून फोनवर, आणि कागद विचारतोय "स्कोप ३ उत्सर्जन किती?" (म्हणजे आमच्या मालापायी दुसऱ्यांकडून हवेत जाणारा कार्बन.) शेवटी बारावीची परीक्षा संपलेल्या मुलीने भरला. त्यात "प्लास्टिक कमी करण्याचे धोरण जोडा". आणि त्याच कंपनीचा माणूस लोडिंगला उभा राहून ३.१ किलोच्या डब्यांच्या पॅलेटला स्ट्रेच फिल्मचे सहा वेढे घालायला लावतो. पाच दिसले तर माल परत! पैशांचं म्हणाल तर कायद्याने ४५ दिवस. मला १२०व्या दिवशी मिळाले तरी मी देवाला नारळ देतो.

पर्चेसवाला: नारळ द्या, विषय बदलू नका. फॉर्म मी हौसेने पाठवत नाही. शेअर बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सेबीने पहिल्या १,००० सूचीबद्ध कंपन्यांना २०२२-२३ पासून बीआरएसआर, म्हणजे पर्यावरण आणि समाजाबद्दलचा वार्षिक अहवाल, सक्तीचा केलाय. वरून मला विचारतात, मी खाली विचारतो. पेमेंट फायनान्सकडे असतं.

मिरजोळेकर: वा! हवा स्वच्छ ठेवायची आम्ही, आणि पैसे मागितले की फायनान्स.

कागदीघोडा: पर्चेसवाले, सेबीच्या व्याख्येत मूल्यसाखळी म्हणजे खरेदी-विक्रीत २ टक्के किंवा जास्त वाटा असलेले भागीदार. यांचा आमरस तुमच्या खरेदीत २ टक्के भरतो?

पर्चेसवाला: नाही. पण निर्यातीची गिऱ्हाइकं वेगळं मागतात. आणि सगळ्यांना एकच फॉर्म पाठवणं सोपं जातं.

कागदीघोडा: सोपं कोणाला, तेही लिहा.

खाडीकाठ: तुमचं फॉर्मवरून चाललंय. आमच्या वरच्या अंगाला एक कारखाना आहे, गेटवर आयएसओ १४००१ चा, म्हणजे पर्यावरण व्यवस्थापनाच्या प्रमाणपत्राचा बोर्ड. पहिला मोठा पाऊस पडला की रात्री खाडीला तांबूस पाणी येतं. माझ्या वडिलांच्या जाळ्यात एका पहाटे नुसते बोय मासे, सगळी पोटं वर. तिथूनच माल घेणाऱ्या कंपनीची माणसं ऑडिटला आली होती, फेब्रुवारीत. जेवण रिसॉर्टवर. जूनमध्ये या की, आमच्या होडीतून नेतो.

वेंगुर्लेकर: मिरजोळेकरांनू, सगळा खरा. पण तुमच्या बॉयलरात काय घालतास तां सांगा आधी.

मिरजोळेकर: लाकूड. पावती आहे.

वेंगुर्लेकर: पावतेर काय लिवलला? (आता पुस्तकी मराठीत लिहितो, नाहीतर मुंबईवाले वाचायचे नाहीत.) गेल्या डिसेंबरात आमच्या वरच्या खडकाळ सड्यावरचा किंजळाचा वृक्ष तोडला गेला. आजोबांच्या वेळचा, दोघांच्या कवेत मावत नव्हता. रात्री दोनला ट्रक उतरला. सकाळी बुंध्यावर भुसा ओला होता. विकला आमच्याच चुलतभावाने, परळमधून फोनवर.

परळकर: चाकरमान्यांवर आलंच का! सातबारावर ३२ नावं, घरपट्टी आम्ही भरायची, गणपतीला छप्पर आम्ही शाकारायचं. झाडाचे चार पैसे घेतले तर चोर?

वेंगुर्लेकर: ३२ जणांना विचारलंस?

परळकर: तू आमच्या कलमांचे काजू ओरबाडतोस तेव्हा विचारतोस?

कागदीघोडा: ऐन आणि किंजळ ही दोन्ही झाडं १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आहेत. परवानगीशिवाय तोड म्हणजे…

परळकर: तुम्ही गप्प बसा हो. परवानगीला किती फेऱ्या मारायच्या ते बघा आधी.

मिरजोळेकर: वेंगुर्लेकर, स्वतःचं सांगा. काजूची टरफलं तेल न काढता भट्टीत घालता तेव्हा शेजारच्या आळीत डोळे चुरचुरतात ना? मी आलोय तुमच्याकडे, रुमाल लावून बसलो होतो.

वेंगुर्लेकर: तां खरा. दोन वर्षं झाली, टरफलं तेलवाल्याला देतो. पण ती शेजारीण कोर्टात जायला निघाली म्हणून, कोणाच्या फॉर्ममुळे नाही.

पर्चेसवाला: मिरजोळेकर, तुमचा फॉर्म आता काढून बघितला. प्रश्न ३१, इंधन कुठून येतं. उत्तर "स्थानिक". आम्ही त्याला हिरवी खूण दिली आहे. पूर्ण गुण.

मिरजोळेकर: मुलीने मला विचारलं होतं. मी म्हटलं, लिही काहीतरी. आज लाकूडवाल्याला फोन केला, कुठल्या गावचं? म्हणाला, "साहेब, तुम्ही कधीपासून विचारायला लागलात?"

ठीक आहे, ही माझी चूक. भुशाच्या ब्रिकेटचा, म्हणजे दाबून केलेल्या जळाऊ विटांचा, दर काढलाय, लाकडापेक्षा महाग पडतोय. फॉर्म नोव्हेंबरात पाठवा, मराठीत, चार पानांचा. मी स्वतः भरतो, लाकडाच्या ट्रकच्या वाहतूक पासासकट. ब्रिकेटचा फरक आमरसाच्या दरात धरणार?

पर्चेसवाला: नोव्हेंबर जमेल. चार पानांचंही बोलून बघतो.

मिरजोळेकर: आणि दर?

पर्चेसवाला: फायनान्सला विचारावं लागेल.

वेंगुर्लेकर: झाला मगे.