चेहरा जुना, धड नवं: न्यूयॉर्कचा हर्स्ट टॉवर तुम्हाला पटतो का?

वाटसरू
मध्यंतरी भाचीकडे न्यू जर्सीला गेलो होतो. मॅनहॅटनमध्ये भटकताना आठवा ॲव्हेन्यू आणि ५७वा रस्ता जिथे मिळतात तिथे मान दुखेपर्यंत वर बघत उभा राहिलो. खाली १९२८ची सहा मजली दगडी इमारत, कोपऱ्यांवर खांब आणि पुतळे. तिच्या पोटातून वर आलेला काच-पोलादाचा मनोरा, सगळा त्रिकोणांच्या जाळीचा. एकूण ४६ मजले, १८२ मीटर. वास्तुकार नॉर्मन फॉस्टर यांचं काम, २००६मध्ये पुरं झालं. जुन्या इमारतीचे आतले मजले काढून टाकले, बाहेरच्या भिंती तेवढ्या राखल्या. १९८८मध्ये शहराने वारसा दर्जा दिला होता तो बाह्यरूपापुरताच, त्यामुळे कागदोपत्री सगळं चोख.

मला आवडलं. भाची म्हणाली, "मामा, आजोबांचा कोट घातलेला रोबो आहे हा." विमानतळावर सोडेपर्यंत आमचं भांडण चालू होतं. गिरगाव-लालबागला असं झालं तर चालेल का? बोला.

कौलारू
भाचीला दंडवत. आतलं सगळं उपसून कातडं तेवढं ठेवायचं, याला आपल्याकडे पेंढा भरलेला वाघ म्हणतात. झिजलेल्या पायऱ्या, मजल्यांची उंची, खिडकीतून जमिनीवर पडणारं ऊन हेही त्या इमारतीचंच होतं. ते गेलं. उरली भिंत.

टेकू
स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे, म्हणून थोडं कंटाळवाणं लिहितो. उंच भिंत एकटी उभी राहत नाही, मजल्यांनी तिला धरून ठेवलेलं असतं. मजले काढायचे तर आधी तिला दुसरा आधार द्यावा लागतो, मग आतून कायमचा सांगाडा. सगळं पाडून नवीन बांधणं यापेक्षा कितीतरी सोपं. तेव्हा "बिल्डरने स्वस्तात उरकलं" असं इथे तरी म्हणू नका.

दुसरं म्हणजे, मूळ इमारत बांधतानाच तिच्यावर पुढे मनोरा चढवायचं ठरलं होतं. १९२९ची मंदी आली आणि राहून गेलं. त्रिकोणी जाळीमुळे नेहमीच्या सांगाड्यापेक्षा सुमारे २० टक्के पोलाद कमी लागलं, हेही लिहून ठेवा.

कौलारू
मनोरा ठरला होता, मान्य. हा मनोरा नव्हता ठरला. पणजोबांनी नातवाचं लग्न ठरवलं होतं म्हणून कुणाशीही लावायचं का?

तिसरी_घंटा
एक गंमत कुणीच सांगितली नाही. मूळ इमारतीचा वास्तुकार जोसेफ अर्बन हा व्हिएन्नाचा, आणि न्यूयॉर्कमध्ये नेपथ्यकार म्हणून गाजलेला. मेट्रोपॉलिटन ऑपेराची नेपथ्यं त्याची. कोपऱ्यांवरच्या पुतळ्यांत सुखात्मिका-शोकांतिकासुद्धा आहेत. म्हणजे ती भिंत पहिल्यापासून रस्त्यावरच्या प्रेक्षकांसाठी लावलेला देखावाच होती. देखाव्यामागचं बदललं म्हणून इतकं काय रडायचं? मला तर अर्बन खूश झाला असता असं वाटतं. (नेपथ्यकार सहसा खूश होत नाहीत, ते सोडा.)

पेठकर
वारसावाल्यांना एकच प्रश्न. शनिवारवाड्यात काय उरलंय? १८२८च्या आगीत आतलं सगळं जळालं. आज तट, बुरूज, दिल्ली दरवाजा आणि आत जोती. तरी आम्ही पाहुण्यांना छाती फुगवून तिथेच नेतो. तो पेंढा भरलेला नाही वाटतं?

कौलारू
पेठकर, आग आणि बुलडोझर यात फरक आहे हो. आणि जोत्यांवर ऑफिसं बांधून कुणी भाड्याने दिलेली नाहीत.

पेठकर
अजून नाहीत.

गिरगावकर
इकडे ये रे बाबा न्यूयॉर्क. आमची चाळ उपकरप्राप्त (म्हणजे दुरुस्तीचा उपकर भरणारी जुनी इमारत), मुंबईच्या विकास नियमावलीतल्या ३३(७) या नियमाखाली पुनर्विकासाची बोलणी चालू आहेत. तीन टेकू लागलेत, त्यातला एक आमच्या मोरीला खेटून. विकासकाचा माणूस चित्रं घेऊन आला. पुढची लाकडी गॅलरी, कोरीव कठडे, ब्रॅकेट सगळं "जतन", मागे टॉवर. टाळ्या पडल्या, मीही वाजवल्या. मग शेजारच्या काकूंनी विचारलं, "गॅलरीत जायचं दार कुणाच्या घरातून?" तो म्हणाला, दार नाही, मागे पार्किंगचे मजले येतील, गॅलरी दिसायला राहील.

हर्स्टच्या दगडी भिंतीवर कुणी राहत नव्हतं. आमच्या गॅलरीत पापड वाळतात, भांडणं होतात, माणूस गेला की तिथेच खुर्च्या मांडतात. चाळीचा दर्शनी भाग म्हणजेच चाळ. दारं बुजवलीत तर ठेवलंत काय?

साठ_पायऱ्या
मुंबईतल्या बीडीडी चाळीत वाढलो. १६० चौरस फूट, मजल्यावर सामाईक संडास, सकाळी बादली घेऊन रांग. पुनर्विकासात ५०० फूट आणि घरात संडास. वारशावर गळा काढणाऱ्यांनी आधी सांगावं, तुमचा संडास कुठे आहे?

गिरगावकर
घराबाहेर, उजवीकडे, चार घरांत एक. पुनर्विकासाच्या संमतीवर सही मी पहिल्या दिवशीच केलीये. मोठं घर मलाही हवंय. पण खोटी गॅलरी कशाला? चाळ पाडायची तर पाडा आणि पाडली म्हणा.

टेकू
हे मात्र पटलं. जुनं लाकूड टिकवायला जो खर्च होईल तो घरांत घालायला सांगा. लोअर परळला फिनिक्स मिलच्या जागी मॉल झाला, गिरणीची चिमणी ठेवली अंगणात, तिथे सेल्फी काढणाऱ्यांपैकी किती जणांना गिरणी आठवते?

कौलारू
मला आठवते. चिमणी नसती तर मुलाला दाखवायला तेवढंही नसतं. (हो, माझंच म्हणणं मी खोडतोय. कळलंय.)

वाटसरू
गिरगावकर, ते चित्र टाका ना इथे.

गिरगावकर
खाली नोटिशीच्या फळ्यावर लावलंय, संध्याकाळी फोटो काढतो. गॅलरीत कुंड्या दाखवल्यात आणि कठड्याला टेकून उभी असलेली एक बाई. काकू रोज जाता-येता बघतात आणि विचारतात, ही आत शिरली कुठून?