परसातील कोंबड्यांसाठी आंबवलेले खाद्य : खान्देशच्या उन्हाळ्यात किती वेळ ठेवावे?

प्रश्न — बोरीकाठ, अमळनेर

नमस्कार. माझ्याकडे परसात १४ कोंबड्या आहेत. ९ गावरान आणि ५ गिरिराज. सकाळी सोडल्या की दिवसभर उकिरड्यावर आणि शेजारच्या वावरात चरतात, दिवेलागणीला आपणहून खुराड्यात येतात. चरण्याशिवाय मी त्यांना दोन वेळा ज्वारी-मक्याचा भरडा देते. तो आंबवून दिला तर कोंबड्यांना चांगला पचतो आणि खाद्यही कमी लागते, असे वाचनात आल्यामुळे मागच्या आठवड्यात मी तो प्रयोग केला.

ॲल्युमिनियमच्या पातेल्यात भरडा भिजवून ते खुराड्याच्या पत्र्याखाली ठेवले. मी वाचलेल्या माहितीत तीन ते चार दिवस ठेवावे असे लिहिले होते, म्हणून तिसऱ्या दिवशी सकाळी झाकण काढले. वर पांढरी, सुरकुतलेली साय आलेली होती, भरडा पाण्याच्या वर फुगून कोरडा पडला होता आणि तुंबलेल्या गटारासारखी दुर्गंधी येत होती. तरीही थोडे देऊन पाहिले, ही माझी चूक झाली. बहुतेक कोंबड्यांनी चोच लावून तोंड फिरवले, पण ज्या एका तलंगेने पोटभर खाल्ले तिला दोन दिवस हिरवट पातळ शीट होत होती. आता ती बरी आहे, पण मी घाबरले आहे.

आपल्याकडच्या एप्रिल-मे महिन्यांच्या उन्हात हे खाद्य नेमके किती वेळ ठेवावे, वरची पांढरी साय म्हणजे बुरशीच असते का, आणि घरात असलेली सरकी पेंड व थोडा दमट झालेला मका त्यात घातला तर चालेल का, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे. येत्या महिन्यात एक खुडूक कोंबडी अंड्यांवर बसवणार आहे, त्यामुळे पिलांना हे खाद्य देता येते का, तेही जाणून घ्यायचे आहे.

उत्तर — केळीचे वावर, यावल

ताई, तुमची कृती चुकली नाही, ऋतू चुकला. तीन-चार दिवसांचा हिशोब थंड हवेच्या ठिकाणचा आहे. भुसावळ-जळगावकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो तेव्हा पत्र्याखालचे पातेले त्याहूनही जास्त तापते. दही ज्या जातीच्या जिवाणूंमुळे लागते, त्याच जातीचे जिवाणू हे खाद्य आंबवतात आणि त्यांना साधारण ३० ते ३७ अंशांची ऊब मानवते. त्यापलीकडे भांडे तापत राहिले की ते मागे पडतात आणि कुजवणारे जिवाणू पुढे येतात. म्हणून उन्हाळ्यात माझे भांडे घरात पाण्याच्या माठाशेजारी, ओले गोणपाट गुंडाळून ठेवलेले असते आणि २४ तासांत खाद्य तयार होते. पावसाळ्यात दीड ते दोन दिवस लागतात. पौष महिन्याच्या थंडीत मात्र खरोखरच तीन-चार दिवस लागतात, आणि तेव्हा भांडे चुलीजवळ सरकवावे लागते.

आपल्या घरच्या बायकांना ही विद्या नवी नाही. बिबड्यांसाठी, म्हणजे ज्वारीच्या पापडांसाठी, ज्वारी दोन-तीन दिवस भिजवून आंबवतात तेव्हा तिला जो वास येतो तो आठवा : आंबट, जरासा ताकासारखा, नाकात चढणारा पण किळस न आणणारा. खाद्य तयार झाल्याची खूण तोच वास आहे. दिवस मोजण्यापेक्षा मी या वासावर जास्त विसंबते. मात्र कुरडईची सवय इथे नडते. कुरडईच्या गव्हाचे पाणी आपण रोज बदलतो, ते गहू जास्त आंबू नयेत म्हणून. इथे पाणी बदलले तर तयार झालेली आंबटाई ओतून दिल्यासारखे होते आणि आंबवण पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. हे मला माझ्या पहिल्या वर्षी कळले नव्हते आणि मी रोज सकाळी ते पाणी केळीच्या बुंध्याला घालत होते.

माझी पद्धत अशी आहे. रात्री खाद्यपदार्थांसाठीच्या प्लॅस्टिकच्या डब्यात अर्ध्यापर्यंतच भरडा घालते, कारण तो फुगतो. चिनी मातीची बरणीही चालते. ॲल्युमिनियम, तांबे किंवा जस्ताचा मुलामा दिलेली बादली चालत नाही, कारण आंबट पाण्यात धातू उतरतो. भरड्याच्या वर तीन बोटे पाणी राहील इतके पाणी घालते. ग्रामपंचायतीच्या टाकीत ब्लीचिंग पावडर टाकली असेल तर ते पाणी आदल्या रात्री उघड्या भांड्यात ठेवून मगच वापरते, नाहीतर जिवाणूंची वाढ खुंटते. पहिल्या वेळी दोन चमचे बिनमिठाचे ताक घालते. पुढे प्रत्येक वेळी आधीच्या डब्यातले वाटीभर आंबट पाणी विरजणासारखे राखून नव्या भरड्यात ओतते. झाकण घट्ट लावत नाही, कारण आत वायू तयार होतो. फडके बांधून वर ताट पालथे घालते. सकाळ-संध्याकाळ लाकडी पळीने ढवळून वर आलेला भरडा पाण्याखाली दाबते. तुमचे खाद्य बिघडले त्याची खरी जागा तीच आहे : जे पाण्याच्या वर कोरडे राहते, तिथेच बुरशी धरते.

आता पांढऱ्या सायीबद्दल. पातळ, सपाट, सुरकुतलेली आणि वासाला आंबट अशी साय बहुधा यीस्टची असते. ती काढून टाकावी आणि खाद्य त्याच दिवशी संपवावे. साय केसाळ, लव आल्यासारखी दिसली किंवा हिरवा, काळा, गुलाबी असा कोणताही रंग दिसला तर वरचा थर काढून खालचे वापरण्याचा मोह धरू नये, सगळे खड्ड्यात पुरावे. तुमच्याकडची साय कदाचित निरुपद्रवी असेलही, पण गटाराचा वास आला म्हणजे निर्णय झालाच.

विरजणाचे महत्त्व मला फार वाटते, त्याचे कारण सांगते. नुसते पाणी घालून ठेवलेल्या भरड्यात पहिल्या काही तासांत आंबटपणा आलेला नसतो आणि त्या वेळात नको ते जिवाणूही भराभर वाढतात. आंबटपणा चढल्यावरच ते दबतात. त्यामुळे अर्धवट आंबलेले, बारा-पंधरा तासांचे कोमट खाद्य घालणे हे कोरडा भरडा घालण्यापेक्षाही वाईट. पीएच (आंबटपणाचे माप; आकडा जितका कमी तितका आंबटपणा जास्त) तपासण्याची कागदी पट्टी मिळाली तर ४.५ किंवा त्याखाली आकडा आल्यावरच खाद्य द्यावे. सुरुवातीला कोरड्या भरड्यात चौथा हिस्सा मिसळून आठवडाभरात हळूहळू वाढवा, म्हणजे कोंबड्या तोंड फिरवणार नाहीत.

उत्तर — नवापूर

बोरीकाठ ताई, मी नवापूर भागात अनेक वर्षे कुक्कुटपालनाच्या कामात आहे, त्यामुळे वरच्या उत्तरात न आलेल्या धान्याच्या बाजूवर लिहितो.

दमट मका अजिबात घालू नका. काढणीच्या वेळी पाऊस लागलेल्या किंवा गोणीत वाफ धरलेल्या मक्यावर जी बुरशी येते, ती अफलाटॉक्सिन नावाचे विष तयार करते. हे विष कोंबडीच्या यकृतावर आघात करते, अंडी घटवते आणि प्रतिकारशक्ती खालावते. आंबवल्याने किंवा उन्हात वाळवल्याने ते नाहीसे होईल असा भरवसा धरता येत नाही. आंबवण ही चांगले धान्य अधिक पचनीय करण्याची रीत आहे. धान्यातील बराचसा फॉस्फरस फायटिक आम्लात अडकलेला असतो आणि आंबवताना त्यातला काही मोकळा होतो, हा तिचा खरा फायदा. बिघडलेल्या धान्याला ती सुधारत नाही.

सरकी पेंड आपल्या कापसाच्या मुलखात सहज मिळते आणि गुरांच्या आंबोणात ती चालते, म्हणून लोक कोंबड्यांनाही घालतात. तिच्यात गॉसिपॉल हे द्रव्य असते. रवंथ करणाऱ्या मोठ्या गुरांना ते बऱ्याच प्रमाणात सोसते, कोंबडीला सोसत नाही. शिवाय ते बलकातील लोहाशी जोडले जाऊन, विशेषतः काही दिवस ठेवलेल्या अंड्यांचा बलक शेवाळी-तपकिरी होतो. पेंडीत उरलेल्या सरकीच्या तेलामुळे पांढरा भागही गुलाबीसर होऊ शकतो. गिऱ्हाईक असे अंडे फोडल्यावर पुन्हा येत नाही. घरच्या डब्यात आंबवून गॉसिपॉल निघून जाईल असे समजू नये. कच्च्या सोयाबीनचेही तसेच : त्यातील पचन रोखणारे घटक भाजल्याने किंवा उकडल्याने जातात, भिजवल्याने पुरेसे जात नाहीत. प्रथिनांसाठी ताजी, वास न लागलेली भुईमूग पेंड थोड्या प्रमाणात घाला, कारण ज्वारी आणि मका या दोन्हींत प्रथिने साधारण ९ ते १० टक्केच असतात आणि अंड्यावरील कोंबडीला १६ ते १८ टक्क्यांचे खाद्य लागते. तुमच्या कोंबड्या दिवसभर किडे-गवत टिपतात म्हणून ही उणीव बरीचशी भरून निघते. बंदिस्त कोंबड्यांना नुसता आंबवलेला भरडा पुरणार नाही. ज्वारीत दादर किंवा दुसरी पांढरी ज्वारी निवडा, लाल-तपकिरी दाण्यात टॅनिन हे पचनात अडथळा आणणारे तुरट द्रव्य जास्त असते.

शिंपल्याचा चुरा डब्यात मिसळू नका. चुना आंबटपणा मारतो आणि आंबवण रखडते. तो वेगळ्या वाटीत ठेवा, कोंबडी गरजेप्रमाणे टिपते. क्षारमिश्रण आणि जीवनसत्त्वेही आंबवून झाल्यावर, देतानाच मिसळावीत.

एका गोष्टीबद्दल मी तुम्हाला आग्रहाने सांगतो. उन्हाळ्यात घातलेले ओले खाद्य दोन-तीन तासांत संपेल इतकेच घाला, उरलेले उचला आणि घमेले घासून उन्हात उपडे घाला. ओल्या उष्ट्यावर माश्या बसतात, अळ्या पडतात, आणि कुजलेल्या पदार्थांत किंवा त्यावरच्या अळ्यांत बोटुलिझमचे (एका जिवाणूचे) विष असले तर कोंबडीची मान लुळी पडून ती जमिनीवर टेकते. आपल्याकडे त्यालाही सरसकट मानमोडी म्हणतात, परंतु मानमोडी म्हणजे राणीखेत, आणि तो विषाणूचा आजार आहे. दोन्हींत फरक करणे हे पशुवैद्यकाचे काम आहे. मान वाकडी किंवा लुळी दिसताच पक्षी वेगळा करून दवाखान्यात कळवावे. आंबवलेले खाद्य देतो म्हणून राणीखेतची लस टाळू नये.

उघड्यावरच्या ओल्या खाद्यावर चिमण्या, कावळे, पारवे उतरतात. आमच्या नवापुरात २००६ आणि २०२१ मध्ये बर्ड फ्ल्यू आला होता. डोळ्यांदेखत सगळे पक्षी पुरावे लागलेली माणसे आजही खाद्याचे भांडे उघडे टाकून घरात जात नाहीत. खाद्य आडोशाला, छपराखाली द्या.

पिलांना पहिले तीन आठवडे मी तरी देत नाही. बारीक करून चिमूटभर दिले तर ती खातात, पण सांडलेल्या ओल्या खाद्याने खालचा भुसा भिजतो आणि ओल्या भुशात रक्ती हगवणीचा धोका वाढतो.

उत्तर — पांझरा खोरे, धुळे

वरील दोन्ही उत्तरे उपयुक्त आहेत. खाद्य वाचते या समजुतीबद्दल मात्र माझे मत वेगळे आहे. एक किलो कोरडा भरडा भिजून निथळल्यावर दोन किलोंच्या आसपास भरतो, घमेले भरलेले दिसते आणि आपल्याला वाटते की अर्ध्या खाद्यात भागले. वाढलेले वजन पाण्याचे असते. बचत मोजायची असेल तर भिजवण्यापूर्वीचे वजन रोज वहीत लिहावे आणि शेजारी अंडी लिहावीत; महिनाभरानंतरच काही म्हणता येईल.

मला स्वतःला जी बचत दिसली ती वेगळ्या जागी दिसली. कोरडा भरडा घालत होतो तेव्हा कोंबड्या मक्याचे कण निवडून खात आणि पीठ घमेल्याच्या तळाशी किंवा मातीत राही. आता त्या तळ चाटूनपुसून खातात. तुमच्या १४ कोंबड्यांना चरण्याशिवाय प्रत्येकी ६० ग्रॅम धरले तर रोजचा कोरडा भरडा ८४० ग्रॅम होतो. तेवढ्यासाठी दोन डबे पुरेत, एक आज वापरायचा आणि एक उद्याचा. ओले खाद्य दिले तरी पिण्याचे स्वच्छ पाणी दिवसभर समोर असलेच पाहिजे, विशेषतः आपल्याकडच्या दुपारी.

बोरीकाठ, अमळनेर

सर्वांचे मनापासून आभार. आठ दिवस थांबून लिहीत आहे. दमट मका खड्ड्यात पुरला आणि सरकी पेंड म्हशीच्या आंबोणाला ठेवली. झाकणाचे दोन डबे आणले, ते माठाच्या तिवईखाली ओल्या गोणपाटात ठेवते. पहिल्या डब्याचे फडके २४ तासांनी सोडले तेव्हा कडेने बारीक बुडबुडे फुटत होते आणि नेमका बिबड्यांच्या ज्वारीचा वास आला. सासूबाईंनी तर लांबूनच विचारले की या दिवसांत बिबडे कशाला घातले. पहिले दोन दिवस गिरिराज कोंबड्या बाजूला उभ्या राहिल्या, गावरान कोंबड्यांनी मात्र सुरुवात केली, आणि चौथ्या दिवसापासून सगळ्या एकत्र खातात. आजारी पडलेली तलंग अजून कोरड्या भरड्यावरच ठेवली आहे.

एक शंका उरली. राखून ठेवलेले आंबट पाणी मध्ये दोन दिवस वापरले नाही तर ते फेकावे का?

केळीचे वावर, यावल

उन्हाळ्यात फेकावे आणि पुन्हा ताकापासून सुरुवात करावी. थंडीत दोन दिवस टिकते, पण वापरण्यापूर्वी वास घ्यावा.