हिलाल हे नाव कुठून आलं?

तापीकाठचा:
माझ्या आजोबांचं नाव हिलाल. गाव शिरपूर तालुक्यात, थाळनेरजवळ. आमच्याकडे हे नाव कुणाला खटकत नाही. पुण्यात मात्र सांगितलं की समोरचा थबकतो, "मुस्लिम का?" आम्ही माळी. पण सध्या अडलंय भलतीकडेच. सातबाऱ्यावर हिलाल आणि वडिलांच्या शाळेच्या दाखल्यावर गुरुजींनी परस्पर 'हिरालाल' करून ठेवलंय. वारस नोंदीला गेलो तर म्हणे ही दोन माणसं! मूळ नाव हिरालालच होतं का, आणि तोंडात झिजून हिलाल झालं?

कपाशीवाला:
झिजलंच असणार. नामदेवचा नामा होतो, तसं.

अमळनेरचे मास्तर (निवृत्त):
नाही हो. माझ्या वर्गाच्या हजेरीत एका वर्षी हिरालालही होता आणि हिलालही, दोघं एकाच गावचे. हाक मारताना कुणाचा घोळ झाला नाही.

हिलाल हा अरबी शब्द. अर्थ चंद्रकोर, तीही अमावास्येनंतरच्या पहिल्या दोन-तीन रात्रींची. पुढच्या चंद्राला तिकडे कमर म्हणतात, पुनवेच्या चंद्राला बद्र. आपण जिला बीजेची कोर म्हणतो ती हिलाल. जुन्या मराठीत हिलाल म्हणजे एक प्रकारची मशालही.

आणि थाळनेरजवळचे असून तुम्ही विचारता? फारुकी सुलतानांची पहिली राजधानी तुमच्या शेजारी होती, त्यांची थडगी अजून तिथे आहेत. १३८२ पासून १६०१ मध्ये अकबरानं अशीरगड घेईपर्यंत खानदेश त्यांच्याकडे होता, पुढे मोगलांकडे. इतक्या वर्षांत शब्द घरात शिरतात, मग पाळण्यात. फकिरा, दौलत, गुलाब ही नावं आपल्या म्हाताऱ्यांची नाहीत का? शहाजी आणि शरीफजी ही नावंसुद्धा नगरच्या शाह शरीफ पिरावरून ठेवल्याचं सांगतात. नावाला जात विचारायची खोड अलीकडची.

(तुमच्या वडिलांच्या गुरुजींच्या वतीनं मी दिलगीर आहे. आमच्या जातीला शुद्धलेखनाचा भारी सोस.)

धुळेकर:
आमना गावमा तीन हिलाल व्हतात. एक लंगडा, एक पाटीलना, एक नुसता हिलाल.

तापीकाठचा:
मास्तर, आभार. रात्री आत्याला फोन लावला. म्हटलं, आजोबा बीजेला जन्मले होते का? ती हसली. "तिथी कोणी लिहिलीय? त्यांच्या आज्याचं नाव हिलाल, म्हणून ते हिलाल." म्हणजे आमच्या घरापुरता शोध तिथेच खुंटला. त्या आज्याला ते नाव का दिलं, हे सांगणारं आता कुणी नाही.

आता प्रतिज्ञापत्रावर 'हिलाल ऊर्फ हिरालाल' लिहितोय. हात जड होतोय, पण लिहितोय. एवढ्यावर नोंद होते का, की गावातल्या दोन म्हाताऱ्यांच्या सह्या लागतात? कुणी केलं असेल तर सांगा.