एमएनडी की मायस्थेनिया? सासऱ्यांच्या आरएनएस रिपोर्टबद्दल मदत हवी आहे (नागपूर)

नमस्कार मंडळी,

आम्ही सक्करदऱ्याला राहतो. मामाजी (सासरे) ६६ वर्षांचे, निवृत्त शिक्षक. दिवाळीनंतर उजव्या अंगठ्यातला जोर गेला. संत्रं सोलायला घेतात, पण नख सालीत रुततच नाही. अंगठ्याच्या बुडाचा मांसल भाग बसलाय, दंडावर कातडीखाली सारखी फडफड चालते. बोलणं जड झालंय. चहा पिताना ठसका लागतो. पोहे मात्र नीट जातात, पातळच नडतं.

आरएनएसमध्ये नसेला लागोपाठ हलके शॉक देऊन स्नायूचा प्रतिसाद मोजतात. तो उतरत गेला, रिपोर्टात 'डिक्रिमेंट' लिहून आलं आणि पहिल्या डॉक्टरांनी मायस्थेनिया समजून पायरिडोस्टिग्मिन दिलं. फरक काहीच नाही, उलट पोटात मुरडा आणि फडफड जास्त. अ‍ॅसिटिलकोलिन रिसेप्टरच्या अँटिबॉडी (मायस्थेनियात बहुधा सापडणाऱ्या) निगेटिव्ह आल्या. मग ईएमजीत (स्नायूत सुई घालून करतात ती तपासणी) हात, पाय, जीभ सगळीकडे स्नायूंचा नसांशी संबंध तुटत चालल्याची चिन्हं निघाली.

दुसरे न्यूरोलॉजिस्ट एएलएस म्हणतात, म्हणजे एमएनडीचा (मोटर न्यूरॉनच्या आजाराचा) प्रकार. मायस्थेनियात मोटर न्यूरॉन (स्नायू हलवणाऱ्या नसपेशी) शाबूत असतात, बिघाड नस-स्नायूच्या सांध्यावर. एएलएसमध्ये न्यूरॉनच मरतात. उरलेले न्यूरॉन पोरक्या झालेल्या स्नायूतंतूंकडे नवे फाटे काढतात. हे नवे सांधे कच्चे असल्याने सिग्नल पुरता पोचत नाही, म्हणून डिक्रिमेंट एएलएसमध्येही दिसतो. मला पटलं. नणंदेला नाही. "मायस्थेनियाला औषध आहे, तेच असेल," असं ती रोज पुण्याहून फोनवर सांगते. तिला तरी काय बोलणार!

रिलुझोल ५० मिग्रॅ दिवसातून दोनदा सुरू झालंय, लिव्हरच्या तपासण्याही होताहेत. ते आजार थांबवत नाही, वेग थोडा कमी करतं, हे माहीत आहे.

कुणाच्या घरी एएलएस असून आरएनएसमध्ये डिक्रिमेंट आला होता का? नणंदेच्या समाधानासाठी का होईना, मस्क अँटिबॉडी (मायस्थेनियाचीच दुसरी रक्ततपासणी) करून घ्यावी का?

जास्त घाई श्वासाची आहे. आडवं झाल्यावर मामाजींना दम लागतो, उशा रचून झोपतात. बसून आणि झोपवून, दोन्ही प्रकारे एफव्हीसी (पूर्ण श्वास घेऊन जोरात सोडलेल्या हवेचं माप) नागपुरात कुठे मोजतात? मेडिकल (सरकारी मेडिकल कॉलेज) किंवा मिहानच्या एम्सचा अनुभव असेल तर सांगा. बायपॅप (मास्कमधून श्वासाला मदत करणारं मशीन) भाड्याने घ्यावं की विकत?

स्टेम सेल आणि काढ्यांचे फॉरवर्ड कृपया नकोत, व्हॉट्सअ‍ॅपवर भरपूर आलेत. गिळण्याचं बघणारे, घरी येणारे स्पीच थेरपिस्ट माहीत असतील तर व्यनि करा.